यादीतलं नाव

प्रिस्काच्या दफनाला आलेल्या शलोमीला प्रिस्काच्या भावांनी कबरस्तानाच्या फाटकातच अडवलं. "बाहेरच्यांचं इथे काम नाही," ते म्हणाले. दोघींनी अकरा वर्षं संसार केला होता. दफनाच्या त्या दिवसानंतर कुठल्याही चर्चमध्ये गीत सुरू झालं, की शलोमीच्या कानाशी प्रिस्काचा सूर यायचा. ती मध्येच उठून घरी परतायची.

पुण्यातल्या एका उपासनेत आपल्यासारख्या जोड्यांना कुणी अडवत नाही, असं कळलं म्हणून दोन वर्षांनी ती तिथे गेली. पाळकबाई मृतांची नावं वाचत होत्या.

"प्रिस्का अमोलिक."

शलोमी ताडकन उभी राहिली. "हे नाव कुणी दिलं?"

"त्या आजींनी. दर रविवारी येतात."

कोपऱ्यात प्रिस्काची आई बसली होती. शलोमी जवळ गेली.

"त्या दिवशी मी गप्प राहिले गं," आई म्हणाली. "तू कधीतरी येशील म्हणून इथे येते. रोज स्वप्नात ती तुझा पत्ता विचारते. मला सांगता येत नाही."

शलोमी तिच्या शेजारी बसली आणि हळूहळू, पिनकोडसकट, पत्ता सांगू लागली.