पिना मारलेली पाने

“आधी या तुमच्या पिना पाहा,” कौशल्याबाईंनी कादंबरी ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवली. “चार वर्षं झाले, एक पुस्तक धड येत नाई घरी. पानं फाटले त चिकटवत जा ना बाई! स्टेपलर काय मारता?”

अकोल्याच्या त्या वाचनालयात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. पुस्तके नेण्याआणण्याचे काम नवऱ्याचे, खुशालरावांचे. परवा त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. म्हणून आज या आल्या.

ग्रंथपाल दामिनीने त्यांना तरीही ओळखले. प्रत्येक पुस्तकाबरोबर कौशल्याबाईंचा अभिप्राय लिहिलेली चिठ्ठी येई. दामिनी ती दारालगतच्या फलकावर लावी. सभासद त्या चिठ्ठ्या वाचून पुस्तक मागत किंवा टाळत.

आजही फलकावर चार होत्या. प्रवासवर्णनाची: ‘माणूस हिमालयात गेला आणि जेवणाबद्दल लिहीत बसला. तरी वाचावे. थंडी खरी वाटते.’ रहस्यकथेची: ‘खुनी चाळिसाव्या पानावर कळला. लेखकाला फार नंतर कळला.’ पाककृतींच्या पुस्तकाची: ‘बाईंनी पाटवडीच्या रश्श्यात साखर घातली आहे. पुढे वाचवले नाही.’ एका डॉक्टरच्या आत्मचरित्राची: ‘हातचे राखून लिहिले आहे. अपघात विभागात दहा वर्षे काढली म्हणतो आणि एक अपघात सांगत नाही. जी पाने पिनांत गेली त्यात असतील तर देव जाणे.’

पाचवी चिठ्ठी आजच्या कादंबरीत होती. ‘सहा पाने पिनांत. त्यानंतर धाकट्या मुलाचे कुणी नावही घेत नाही. लेखकाला पात्रे सांभाळता येत नाहीत.’

दामिनीने चिठ्ठी वाचली. मग पिना पाहिल्या.

“काकू, आम्ही पिना मारत नाही,” ती म्हणाली. “काका मारतात.”

“कोण काका?”

“तुमचे. पुस्तक आधी ते वाचतात. त्या खिडकीपाशी बसून, तीन-तीन, चार-चार दुपारी. मग पिना मारून घरी नेतात. परत आणलं की इथंच बसून काढतात, भोकं नखानं दाबून देतात. मी एकदा रागावले, तर म्हणाले, ‘पोरी, आमच्या घरी हे पानं चालत नाईत.’”

दुपारी नवरा उत्तमरावांच्या सायकलच्या दुकानात गप्पा मारत बसतो, असे कौशल्याबाईंना वाटत होते. तिथे चहा बरा मिळत नसावा, असेही वाटे. कारण घरी येताना त्यांचा चेहरा उतरलेला असे.

दामिनीने ड्रॉवरमधून पिना काढायचा चिमटा दिला. कौशल्याबाई खिडकीपाशी बसल्या. त्यांनी एकेक पिन काढली आणि सहा पाने वाचली.

त्या पानांत रस्त्यावरून एक फोन येतो आणि एक बाप आपल्या मुलाला ओळखायला जातो.

चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा नितेश दर्यापूरच्या रस्त्यावर मोटरसायकलसकट गेला. त्याला ओळखायला खुशालराव गेले होते, एकटे. काय पाहिले ते त्यांनी कधी सांगितले नाही. कौशल्याबाईंनीही विचारले नाही. त्यानंतर पुस्तकापुस्तकांतून ते तिथे एकटेच जाऊन येत होते.

कौशल्याबाई उठल्या. कपाटातून डॉक्टरचे आत्मचरित्र काढून त्यांनी पाने उजेडात धरली. एकोणसाठ ते एकाहत्तर. भोके बारीक होती आणि नीट दाबलेली होती. त्यांनी फलकावरची ती चिठ्ठी काढली, कादंबरीतलीही काढली आणि दोन्ही पर्समध्ये ठेवल्या.

“काकांनी वाचलं नाही असं एखादं दे,” त्या म्हणाल्या. “आता मले वाचून दाखवा लागते त्याईले. हलकंफुलकं दे.”

“हे कालच आलं. मेळघाटातल्या एका वनरक्षकाच्या आठवणी. अस्वलं, साग, पाऊसपाणी.”

संध्याकाळी खुशालराव काळा चष्मा लावून पलंगावर टेकून बसले होते. पुस्तकाचा वास त्यांना आधी कळला.

“नवं हाये वाटते,” ते म्हणाले. “सारं वाचजो बरं. मधातलं काई सोडू नोको. तुह्या चिठ्ठीवाल्या लेखकाईसारखं नाई पाहिजे.”

“तुमी गुपचूप ऐका.”

त्या वाचू लागल्या. अस्वलाने मोहाच्या झाडाखाली वनरक्षकाची शिदोरी पळवली तिथे खुशालराव मोठ्याने हसले. आज कितीतरी दिवसांनी हसले. एरवी पुस्तक हातात असताना ते असे हसत नसत. या वेळी पुढे काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

अठ्ठाविसाव्या पानावर वनरक्षकाचा मुलगा धारणीहून मोटरसायकलवर निघाला. घाटात धुके होते. आईने डबा बांधून दिला होता.

कौशल्याबाईंचा आवाज थांबला. त्यांचे डोळे पुढे गेले. एक पान, दुसरे, तिसरे. त्या प्रसंगाच्या शेवटापर्यंत गेल्या. पस्तिसाव्या पानावर पुन्हा साग होता आणि वणवा विझवायला माणसे धावत होती.

“काहून थांबली?”

“पानाईले पिना मारेल हायेत.”

खुशालरावांनी टेकलेली पाठ सरळ केली.

“किती पानं?”

“सात.”

त्यांनी हात पुढे केला. कौशल्याबाईंनी पुस्तक उघडेच त्यांच्या हाताखाली धरले. पानांच्या कडांवरून खुशालरावांनी अंगठा फिरवला, वरून खाली, मग पुन्हा वर. पाने सुटी होती. कोरी, सरळ, एकाही भोकाशिवाय.

“हाव,” खुशालराव म्हणाले. “पक्क्या मारेल हायेत. वाच समोरचं.”