नर्मदाबाईची खिचडी

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नर्मदाबाईचं नुसतं नाव निघालं तरी कावेरीच्या कपाळाला आठी पडायची. तिची लेक अबोली शाळेत मागून मागून खायची आणि घरी थोडं खाऊन ‘बास’ म्हणायची. देवापुढं दिवा लावून डोळे मिटले, तरी कावेरीला नर्मदाबाईच दिसायची.

आज तिनं हट्टानं खिचडीच केली. शेजारणीकडून चमचाभर तूप आणलं, देवाला नैवेद्य दाखवला आणि लेकीला वाढलं.

“कशी झाली गं?”

“लय भारी. मावशीच्या खिचडीपेक्षाबी.”

कावेरीचा जीव सुपाएवढा झाला. आणखी वाढायला तिनं पातेल्यात पळी घातली, तसा अबोलीनं ताटावर हात आडवा धरला.

“बास, माय.”

“तिथं बरं दोन-दोनदा घेतीस! ती काय अमृत वाढती का?”

“तसं न्हाई गं,” अबोली हळूच म्हणाली. “मावशीची पळी पातेल्याच्या बुडाला लागत न्हाई. तुझी खरवडली, की मला कळतं, तू जेवायची राहिलीस.”