उलटा बसवलेला सेल

राघोआबांनी रिमोटचं झाकण नखाने उघडलं, आतला चपटा सेल काढला, उलटा करून परत बसवला आणि झाकण कट्कन दाबलं. मग बटण दाबून पाहिलं. शेजारी उभ्या गाडीने हूं की चूं केलं नाही. आबा खूश झाले.

गाडी त्यांची स्वतःची होती. दसऱ्याला घेतलेली, सेकंडहँड, पण घरातली पहिली. सुरतेच्या भर पांडेसऱ्यात रस्त्याकडेला उभा राहून आपल्याच गाडीचा रिमोट बिघडवणारा माणूस तुम्हाला खुळा वाटेल. पण आबांना लेक उजवायची होती.

सोनालीला स्थळ आलं होतं. मुलगा लक्ष्मण, मूळ त्यांच्यासारखाच खानदेशातला. इथे पांडेसऱ्यात त्याची चाव्या आणि रिमोट दुरुस्तीची टपरी. फोटो सोनालीला आवडला होता. "पण माणूस कसा आहे ते तुम्ही बघा, आबा," ती म्हणाली होती.

फोटोवर आबांचा काडीचा विश्वास नव्हता. स्टुडिओवाल्याने पोराला कोट चढवला होता आणि वर इतका गोरा केला होता की तो सुरतचा की काश्मीरचा, कळायला मार्ग नव्हता. नातेवाइकांना विचारावं तर सगळ्यांचं एकच, पोरगा सोन्यासारखा. अहो, लग्नाआधी कुठला पोरगा पितळेचा असतो? आबांचा जन्म कापडाच्या मिलमध्ये रंग तपासण्यात गेला होता. तपासायला येतोय असं आधी कळवलं की सगळा माल चोख निघतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हा गनिमी कावा.

बायकोलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. मालतीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी त्यांची खात्री. सकाळी बाई रवा भाजत होत्या. "जरा बाहेर जाऊन येतो," म्हटल्यावर "आरामात या हो, घाई नको," एवढंच म्हणाल्या. एरवी चार प्रश्न विचारल्याशिवाय चप्पल घालू देत नसत. चला, बरं झालं, असं म्हणून आबा सटकले होते.

टपरीत टोपी घातलेला एक पोरगा बसला होता. फोटोत दाढी होती, इथे नव्हती. काढली वाटतं, आबांनी मनात म्हटलं. शहाणा आहे.

"रिमोट बंद पडलाय रे," त्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं. "नवाच घ्यावा लागेल ना?"

आयताच सापळा होता. लबाड असता तर हो म्हणून मोकळा झाला असता.

"थांबा काका, आधी बघू तर द्या." पोराने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि झाकण उघडलं. "नवा कशाला? सेल उलटा बसलाय. आणि सेलही चांगला आहे."

आबांनी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

त्याने सेल सरळ केला, बटण दाबलं. गाडीचे दिवे एकदा चमकले. दुसऱ्यांदा दाबलं, काही नाही. आता मात्र आबा चमकले. हा बिघाड त्यांनी केलेला नव्हता!

पोराने आतली पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली आणि फिस्सकन हसला.

"काका, चावीला अंघोळ घातली होती का?"

आबांना दसरा आठवला. गाडीवर पंचामृत ओतलं तर डाग पडतील, म्हणून मालतीबाईंनी चावीलाच ताम्हनात ठेवून न्हाऊ घातलं होतं.

"पंचामृताची," ते ओशाळून म्हणाले.

"तरीच! बटणाखाली मध-साखर बसलीय चिकटून. थोडा प्रसाद काढून देऊ का?"

दोघंही खो खो हसले. पोराने बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कोपरा साफ केला, फुंकर मारून वाळवला. तेवढ्यात एका मोठ्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून त्याला बोलावलं. "बे मिनिट, भाई. पहेला काकानो वारो," पोरगा मान वर न करता गुजरातीत म्हणाला. म्हणजे आधी काकांची पाळी! आबांची छाती फुगली.

बटण दाबलं. टुक टुक. पुन्हा दाबलं. टुक टुक.

"किती द्यायचे?"

"सेल तुमचा, पंचामृत तुमचं. माझी नुसती फुंकर. राहू द्या, काका."

आबांना भरून आलं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही! त्यांनी गाडीतून नारळ आणि कुंकवाची पुडी काढली. दोन्ही बरोबर आणलेलं होतं, वेळ आली तर असावं म्हणून.

"टोपी काढ," ते म्हणाले.

"हे कशाला? गाडीचा नारळ का?"

"शुभ कामात 'कशाला' असं विचारू नये."

त्यांनी त्याला कपाळभर कुंकू लावलं आणि नारळ हातात ठेवला. सोयरीक पक्की! एकदा पोराच्या हाती दिलेला नारळ त्यांच्या भावकीत आजवर कोणी परत घेतला नव्हता. आबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इतक्यात फोन वाजला.

"अहो, आधी रागावणार नाही म्हणा," पलीकडून मालतीबाई धापा टाकत बोलत होत्या. "तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या चावीतला सेल मी मुद्दाम उलटा घातला आणि रिमोट बिघडला म्हणून लक्ष्मणला घरीच बोलावून घेतलं. टपरीवर मित्राला बसवून धावत आला हो! लाखात एक पोरगा! सोनालीनेही मान डोलावली. मी तर कुंकू लावून नारळसुद्धा देऊन टाकला. जावईबापू शिरा खातायत. तुम्ही कुठे आहात?"

आबांनी सावकाश मान वर केली. समोर कपाळभर कुंकू लावलेला पोरगा नारळ काखेत धरून त्यांच्या पाया पडायला वाकला होता.