हिरवा दिवस

"मांडव कुठं टाकू ते आज सांग." वडिलांनी, पुंजाजींनी, मोटरसायकल चालूच ठेवली होती. "मंगरूळचा हॉलवाला दुपारपर्यंतच थांबते म्हणे."

ज्योत्स्नाने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. धाकट्या बहिणीचं, साधनाचं, लग्न रविवारी होतं. शेलूबाजारपासून तीन किलोमीटरवर त्यांचं वावर. हरभरा निघून ते मोकळं झालं होतं. आठशे माणसं आरामात बसली असती. पण वावराच्या पूर्वेला नाला होता आणि नाल्याच्या काठाने वावळाची झाडं होती. या दिवसांत ती पानं गाळून फुलतात. फूल नजरेत भरत नाही, वासही येत नाही. नुसते पराग, वारा नेईल तिकडे जाणारे.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, साधनाला त्या नाल्याजवळ धाप लागली होती. अकोल्याला नेईपर्यंत तिचे ओठ जांभळे पडले. जीपमध्ये तिचं डोकं ज्योत्स्नाच्या मांडीवर होतं. पुढचा श्वास येतो की नाही याची वाट पाहणं म्हणजे काय, ते ज्योत्स्नाला त्या तासाभरात कळलं.

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तेव्हापासून उरलेला सगळा वेळ तिने एकाच कामाला दिला. गावोगावची वावळं नकाशावर मांडली. वाऱ्याची दिशा, वेग, हवेतला ओलावा घेऊन उद्या पराग कुठे उतरतील याचं गणित बसवलं. रोजचं उत्तर एका रंगात. हिरवा म्हणजे हवा साफ. लाल म्हणजे दारं लावून घ्या.

गणित बरोबर की चूक, हे शेवटी माणसांच्या छातीवरूनच कळणार. ते काम हरीओमकडे होतं. शेलूबाजारातल्या एका दवाखान्यात तो कंपाउंडर होता. परागाने धाप लागलेले किती, साध्या सर्दीचे किती, असे दोन रकाने तो रोज वहीत भरायचा आणि परागाचा आकडा तिला कळवायचा.

पहिल्या आठवड्यात काहीच जुळेना. हिरव्या दिवशी पंधरा, लाल दिवशी चार. तिने ओलाव्याचं गणित नव्याने मांडलं. त्याच सुमाराला ती हरीओमलाही सकाळीच रंग कळवायला लागली, म्हणजे लाल दिवशी त्याने वाफेचं मशीन तयार ठेवावं. मग जुळायला लागलं. चाळीस दिवसांत अंदाज दोनदाच चुकला.

"बोल ना बाई. पेट्रोल जळून राह्यलं."

"रविवारी पश्चिमेचा वारा आहे, बाबा. पराग कारंज्याकडं जातील. हिरवा दिवस."

"मंग तुह्या भरवशावर टाकू?"

हॉलच बरा, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण हॉल का बरा, याला तिच्याकडे भीतीशिवाय काही नव्हतं. आकडे सगळे वावराच्या बाजूने होते.

"टाका," ती म्हणाली.

रविवारी उजाडताच ती वावरात गेली. मांडवाची झालर पूर्वेकडे फडफडत होती. पश्चिमेचाच वारा. तरी पर्समधल्या पंपावरचा तिचा हात निघेना. दम लागला की तोंडात धरून ओढायचा तो निळा पंप. दुसरा घरात नव्हता.

घरी साधना आरशासमोर बसली होती. ती खोकली.

"काय झालं?"

"चुलीचा धूर. तू अशी पाहून पाहूनच मले आजारी पाडशील."

"छाती भरली का?"

"भरली ना. तुले सोडून चालली म्हणून."

बाया हसल्या. आई, गोजराबाई, मात्र हसली नाही. "ज्योत्स्ने, शुभ दिवशी पोरीच्या मागं डॉक्टरासारखी काहून हिंडून राह्यली? बस जराशी. तोंड पाह्य कसं झालं तुहं."

ज्योत्स्ना बसली नाही. ती श्वास मोजत होती.

साडेदहाला हरीओमचा मेसेज आला. परागाचे तीन.

तिने तो दोनदा वाचला. तीन. हिरव्या दिवसाला शोभणारा आकडा. कालपासून आवळून धरलेले खांदे पहिल्यांदा खाली आले.

साधनाच्या बॅगा पुढे सासरी, रिसोडला, निघाल्या होत्या. ज्योत्स्नाने जीप थांबवली आणि पंप लाल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. नव्या घरात रात्री लागला तर हाताशी असावा. जीप धुरळा उडवत गेली.

बाराला अंतरपाट धरला. भटजींनी सूर लावला. अंतरपाटामागे साधना खोकली. थांबली. पुन्हा खोकली. स्वयंपाकाच्या चुली तर कधीच्या विझल्या होत्या.

ज्योत्स्ना झालरीकडे पाहत राहिली. झालर अजून पूर्वेकडेच उडत होती.

एवढ्यात हरीओम घाम पुसत तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"काय सांगू, ताई. दवाखान्यात पाय ठेवाले जागा नव्हती. एकवीस पेशंट."

"एकवीस? तू तर तीन कळवलेस."

"ते परागाचे. बाकीचे अठरा सर्दीत लिहिले."

साधनाने मुंडावळ्या बाजूला सारून छातीवर हात ठेवला होता.

"सर्दीच होती ना त्यांना, हरीओम?"

"धापा तर टाकूनच राह्यले होते," हरीओम मुठीत अक्षता घेत म्हणाला, "पण तुमचा हिरवा आल्यावर एवढे परागाचे कसे लिहू? तुमी सकाळी रंग धाडाले लागल्यापासून मी तसंच लिहितो."