आधी सांगणारा

लंडनच्या त्या घरात मिस्टर टिलिंग रोज सकाळी वरच्या खोलीत बसून यंत्रात रहस्यकथा सांगत. मेणाच्या नळीवर त्यांचा आवाज उमटे. खाली मी तो ऐकून टाईप करत असे. अकरा वर्षांत शंभर पुस्तकं झाली.

मग एका आठवड्यात नळीवर त्यांच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य दुसरं कुणीतरी हळूच सांगताना ऐकू येऊ लागलं.

मी विचारलं, तर ते थकलेलं हसून म्हणाले, "मिस पास्क, इतकं सगळं मला एकट्याला सुचतं असं वाटलं होतं तुम्हाला?"

दुसऱ्या सकाळच्या नळीवर तो आवाज म्हणाला, "टिलिंगने चहा संपवला आणि खिडकीबाहेर पाऊल टाकलं."

"हे मी सांगणार नाही," त्याच नळीवर मिस्टर टिलिंग म्हणाले. पुढे नुसता त्यांचा श्वास.

मी जिन्याकडे धावले. वरून त्यांचा रोजचा, कथा सांगतानाचा सूर आला,

"टिलिंगने चहा संपवला आणि…"