चढता आकडा

सासऱ्यांची साखर घरच्या घरी तपासता यावी म्हणून मेघालीने घिवलीच्या घरी एक नव्या पद्धतीचं छोटं मशीन आणून ठेवलं. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की आकडा थेट बोईसरला तिच्या मोबाइलवर उमटायचा. सुरुवातीला सगळं ठीक होतं, पण गेले काही दिवस आकडा चढतच चालला होता. बाबा चोरून वाडीतल्या चिकूंवर ताव मारत असणार, याची तिला खात्रीच पटली. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "नाय गं, त्यांनी गोडाला हात पण लावला नाय." आवाज इतका पडलेला होता, की त्याही नवऱ्याला पाठीशी घालतायत असं मेघालीला वाटलं.

रविवारी ती न कळवताच घिवलीला जाऊन धडकली आणि तिने स्वतःच बाबांच्या बोटाला सुई टोचली. आकडा अगदी बेताचा आला.

"बाबा, मग सकाळी आलेला आकडा कुणाचा?"

नरहरीबाबांनी मान खाली घातली. "मला सुईची भीती वाटते गं. पहिल्यापासून तुझी सासूच आपलं बोट पुढं करते."

मेघाली स्वयंपाकघरात गेली. आनंदीबाई माठापाशी उभ्या राहून घटाघटा पाणी पीत होत्या.

"बस, चहा टाकते," त्या म्हणाल्या. "हल्ली कितीपण पाणी प्यायलं तरी तहान भागत नाय बघ."

मेघालीने त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "चहा राहू द्या, आई. आपल्याला आत्ताच दवाखान्यात जायचंय."