देवाच्या कोंडीतले मासे

धोंडुबाईनं कोंडीच्या, नदीतल्या त्या खोल डोहाच्या, पाण्यावर तीनदा थाप मारली. खालून काळ्या पाठी वर आल्या, नेहमीसारख्या पायरीशी गोळा झाल्या. तिनं भात टाकायच्या आधी मोजल्या. मोठ्या बावीस. काल सव्वीस होत्या.

पुन्हा मोजल्या. मासे काही दावणीला बांधलेले नसतात, गणती चुकू शकते. पण पन्नास वर्षं हातानं भात घातलेल्या बाईची चुकत नाही. शेजारच्या खडकावर बंद्या रुपयाएवढे चार-पाच खवले वाळून चिकटले होते. तिनं एक नखानं खरवडून काढला.

"इमाम, काल सांजच्याला हितं कोण आलतं?"

इमाम काठावर गुडघा धरून बसला होता. गगनबावड्याच्या खालच्या अंगाच्या ह्या वाडीत आता दोनच माणसं उरली होती, ही आणि तो. बाकीची कोण कागलला कारखान्यात, कोण जयसिंगपुरात भाड्याच्या खोलीत. देवाच्या माशांना भात घालायची पाळी घरटी एक दिवस असायची, त्यात इमामचंही घर होतं. घरं गेली आणि सगळ्यांच्या पाळ्या ह्या दोघांच्या गळ्यात आल्या. कोंडीतला मासा कुणी धरायचा नाही ही वाडीची आण होती. पण खरं सांगायचं तर मासे जगले ते काठावरच्या राबत्यानं. धुणं धुणाऱ्या बायका, पाण्यावर आलेली गुरं, कोण ना कोण असायचंच. नुसत्या आणेनं काय होतंय.

"पावणं आलतं, तिघंजण," इमाम म्हणाला. "गाडी घिऊन. चाचा, माशांचा फोटो काढायचा हाय म्हणालं."

"मग?"

"मासं काय वर येईनात. मग म्या थाप मारून दावली."

धोंडुबाईला हातातली परात त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटली.

"चार म्हैन्यांनी वाडीत कोण तरी आलतं, आक्का. मला बरं वाटलं. च्या पण केला त्यास्नी." तो खाली बघत राहिला. "भांडी घिऊन वर गेलतो, तवर हितं काय झालं मला ठावं न्हाय. जाताना म्हणालं, उद्या दुपारी परत येतो, बर्फाची पेटी घिऊन. मला वाटलं, थंड पाणी पियाला."

घ्या. पाहुणचार करावा माणसानं, पण हातानं पायावर धोंडा पाडून घ्यावा का? सावली पायाखाली आली होती. दुपार म्हणजे आताच.

"फॉरेस्टला फोन लाव."

"रेंज खिंडीत. तासाभराची चढण हाय. गुडघ्यानं कवा जाऊ आन ते कवा येणार?"

मागच्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या कॉलेजातून निशिगंधा मॅडम आली होती. दोन दिवस नदी वरखाली हिंडली. जाताना तिनं धोंडुबाईचे हात हातात धरले आणि म्हणाली, मावशी, ह्या जातीचे मासे अख्ख्या नदीत आता तुमच्या कोंडीतच राहिलेत, जपा. धोंडुबाई तेव्हा हसली होती. जपायचं काय त्यात, भात तर रोज घालतोच की.

आता चैत सरत आला होता. नदी वरही कोरडी, खालीही कोरडी. कोंडीतून मासा जाणार कुठं? तळाला मात्र खडकाच्या कपारी होत्या, चांगल्या खोल. त्यात शिरून गप बसले, तर कुणाच्या बापाला सापडायचे नाहीत. पण त्यांनी शिरावं कशाला? माणूस दिसला की भात, एवढंच त्यांना माहीत.

लांब घाटाच्या वळणावर गाडीचा आवाज आला.

धोंडुबाईनं परात खाली ठेवली आणि मुठीएवढा दगड उचलला.

"आक्का, काय करतीस?"

"भ्या घालते."

"देवाचं मासं हायती."

"देवाचं म्या बघून घीन."

तिनं दगड मारला. पाणी डुबकन वाजलं. मासे क्षणभर पांगले आणि परत तिथंच गोळा झाले. तिनं दुसरा मारला. त्या आवाजाला तर तळातले उरलेसुरलेही वर आले. पाण्यावर काहीतरी आपटलं की वर यायचं, हे त्यांना ह्याच हातानं शिकवलं होतं. तिसरा दगड सगळ्यांत थोरल्या मासळीच्या पाठीत बसला. ती उलटली, पांढरं पोट दिसलं, पाण्यात रक्ताचा बारीक दोरा सुटला. धोंडुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ह्या मासळीला ती बोटाएवढी असल्यापासून ओळखत होती.

"जा की गं," ती म्हणाली. "मरायला येतीस व्हय?"

थोरली सरळ झाली आणि रक्तासकट पायरीशी येऊन तोंड उघडून थांबली.

वर वाडीत गाडी थांबली. दारं आपटली, एक, दोन, तीन. कुणीतरी खुशीत हाक मारली, "चाचा, हाईसा का?"

इमामनं ओ दिली नाही. तो पाण्याकडं बघत होता. "त्यास्नी दगूड म्हाईतच न्हाय, आक्का," तो हळूच म्हणाला. "आजवर कुणी मारलाच न्हाय."

धोंडुबाई लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि थोरलीला दोन्ही हातांनी आत ढकलू लागली. ढकलावी तशी ती फिरून परत येत होती, तिच्या तळव्याला तोंड लावून भात शोधत होती. पायवाटेवर चपला वाजू लागल्या.